ओट्यातला चौकोन

ओट्याच्या दगडाला चौकोनी छेद देऊन त्यात जी शेगडी अशा रीतीने उतरवली जाते की तिचा माथा ओट्याशी जवळजवळ समतल राहतो आणि तिचे नळ, झडपा किंवा विजेची वेटोळी ओट्याखालच्या पोकळीत दडून राहतात, तिला अलीकडच्या स्वयंपाकघरांच्या परिभाषेत 'हॉब' म्हणतात. ओट्यावर स्वतःच्या पायांवर उभी राहणारी नेहमीची शेगडी म्हणजे 'कुकटॉप', आणि आज ओट्यावर ठेवता येईल व उद्या हवी तर छेदात उतरवता येईल असा जो मधला प्रकार उत्पादकांनी काढला त्याला 'हॉबटॉप' असे नाव पडले आहे. दुकानांत ही तिन्ही नावे सैलपणे वापरली जात असल्यामुळे गिऱ्हाइकाची पहिली गफलत येथेच होते. वास्तविक तिघांतला महत्त्वाचा भेद एवढाच की एकीसाठी दगडाला भोक पाडावे लागते आणि दुसरीसाठी लागत नाही.

मातीने लिंपलेली चूल आणि तिच्या कुशीतला वैल, म्हणजे मुख्य जाळाच्या उरलेल्या आचेवर आमटी गरम राहावी किंवा दूध मंद तापावे म्हणून ठेवलेले दुसरे तोंड, ही जागेला बांधलेली विस्तवाची व्यवस्था होती. तिच्यानंतर आलेली कोळशाची शेगडी, वातीचा स्टोव्ह, स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये सिद्ध केलेल्या धाटणीचा, पंपाने हवा भरायचा रॉकेलचा प्रायमस आणि १९५० च्या दशकात मुंबईतून भारतीय घरांत शिरलेल्या सिलिंडरच्या गॅसवरची दोन बर्नरची शेगडी ही सारी साधने उचलून बाजूला ठेवता येत होती. घर बदलले की ती टेम्पोत चढत आणि बिघडली की दुरुस्तीला जात. हॉबने विस्तव पुन्हा जागेला बांधला आहे, आणि त्यामुळे त्याची निवड चुकली तर ती चूक वस्तूपुरती न राहता दगडात कोरली जाते.

या निवडीसंबंधीच्या दोन विरुद्ध भूमिका पुढील संवादात मांडल्या आहेत. त्यातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत: आत्या भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका असून पुण्यातील आपल्या जुन्या सदनिकेचे स्वयंपाकघर त्यांना नव्याने बांधून घ्यायचे आहे, आणि भाची स्वयंपाकघरांची अंतर्गत रचना करण्याचा व्यवसाय करते. वयाकडे पाहता जुन्याचा कैवार आत्यांनी घ्यावा असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात इंडक्शन आत्यांना हवे आहे आणि गॅसच्या हॉबचा आग्रह भाचीचा आहे, कारण काम झाल्यानंतर सहा महिन्यांनी येणाऱ्या तक्रारी ऐकण्याचे काम भाचीच्या वाट्याला येते.

भाची: आत्या, ओट्याचे माप घेण्याआधी तुमच्या स्वयंपाकाचे माप घ्यायला हवे. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूवर पाण्याचा हात फिरवतात, ते पाणी सुकू लागले की ती उलटतात, पाणी लावलेली बाजू नीट भाजली की तवा बाजूला सारून पहिली बाजू थेट ज्योतीवर धरतात, आणि तेव्हा कोठे आतली वाफ दोन पापुद्रे वेगळे करून भाकरी फुगवते. भरताचे वांगे, पोह्याचा किंवा उडदाचा पापड, फुलका यांचीही गोष्ट तीच आहे. इंडक्शनवर ज्योतच नाही. मग हे सारे पदार्थ घरातून हद्दपार करायचे काय?

आत्या: हद्दपार कशाला? पण आधी यादी तपासून घे. भाकरी, वांगे आणि पापड यांना ज्योत लागते हे कबूल. कुकरचा वरणभात, दूध, चहा, पोहे, उपमा, पालेभाजी, उसळ, आमटी यांना मात्र केवळ उष्णता लागते, आणि ती ज्योतीची आहे की आणखी कशाची याची त्यांना चौकशी नसते. दिवसभरात शेगडी जितका वेळ पेटलेली असते त्यातला मोठा हिस्सा या दुसऱ्या यादीचा असतो. पापडाच्या एका मिनिटासाठी बाकीच्या दोन तासांचा निर्णय होत असेल, तर त्या निर्णयाला सवय म्हणायचे, विचार नव्हे.

आत्यांच्या या विभागणीत पुढच्या सर्व वादाचे बीज असल्यामुळे इंडक्शनची क्रिया येथे थोडक्यात समजून घेणे इष्ट ठरेल. मायकेल फॅरेडे याने १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होणे, हे या शेगडीचे तत्त्व आहे. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उठतात आणि बुडाच्या धातूचा त्यांना होणारा विरोध उष्णतेच्या रूपाने प्रकट होतो. भांडे स्वतःच तापते, काच केवळ भांड्याच्या संगतीने गरम होते. आणि भांडे उचलले की तापवण्याची क्रियाच थांबते. यामुळे मीटरमधून आलेल्या विजेचा सुमारे ८५ टक्के भाग अन्नापर्यंत पोहोचतो. गॅसच्या घरगुती शेगडीसाठी आयएस ४२४६ या भारतीय मानकाने किमान ६८ टक्के औष्णिक कार्यक्षमतेची अट घातली आहे, परंतु हा आकडा योग्य मापाच्या भांड्यावर घेतलेल्या प्रयोगशाळेतील चाचणीचा आहे. लहान पातेल्याभोवती ज्योत उसळत असेल तर तो घरात बराच खाली येतो.

भाची: पंच्याऐंशी टक्क्यांचा हा हिशेब मीटरपासून सुरू होतो, आत्या. मीटरच्या मागे काय आहे? देशातली निम्म्याहून बरीच अधिक वीज कोळशावर तयार होते, आणि औष्णिक केंद्रात जळणाऱ्या कोळशातली फार तर पस्तीस-छत्तीस टक्के उष्णता विजेत उतरते. त्यातला काही भाग तारांमध्ये गळतो. हे सारे गुणून पाहिले तर कोळशातली जेमतेम पाव उष्णता तुमच्या आमटीपर्यंत येते. गॅस मात्र घरातच जळतो.

आत्या: गुणाकार बरोबर आहे, आणि तो वर्गात शिकवण्याजोगा आहे. मात्र देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक समुद्रापलीकडून येतो, तो द्रवरूप करून, बाटल्यांत भरून, ट्रकने दारापर्यंत आणावा लागतो, हे त्या गुणाकारात आलेले नाही. शिवाय इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा ठराव सोसायटीत झाला आहे. ज्या दिवशी ते बसतील त्या दिवशी तुझा कोळसा या हिशेबातून दुपारपुरता तरी बाहेर पडेल. सिलिंडरला असा पर्याय कोणत्या गच्चीवर उगवतो?

येथे दोघींचाही युक्तिवाद देशाच्या पातळीवर गेला असून बिल मात्र घराच्या पातळीवर येते, म्हणून घरगुती तुलना स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो द्रवरूप पेट्रोलियम वायू असतो आणि एका किलोत साधारण १२.७ युनिट विजेइतकी उष्णता साठवलेली असते, म्हणजे पूर्ण सिलिंडरमध्ये १८० युनिटांच्या आसपास. शेगडीने त्यातली ६८ टक्के उष्णता भांड्याला दिली असे उदारपणे धरले तर सुमारे १२२ युनिट उपयोगी पडतात, आणि तेवढाच उपयोग इंडक्शनवर मिळवायचा तर मीटरवर १४४ युनिट चढतील. घरातील वास्तव कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर हाच आकडा ११५ ते १२० वर येतो. नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूचा एक घनमीटर याच रीतीने सात-आठ युनिटांच्या बरोबरीचा ठरतो. दर सतत बदलत असल्यामुळे ज्याने त्याने आपल्या ताज्या बिलावरचे दर या आकड्यांना लावावेत; मात्र ते लावताना एक चूक हमखास होते. महावितरणचे घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे अशा चढत्या टप्प्यांनी आकारले जातात, आणि स्वयंपाकाची वीज पंखा-दिवे-फ्रिज यांच्या आधीच्या वापरावर रचली जाते. महिन्याला २५० युनिट वापरणाऱ्या घरात इंडक्शनचे शंभर युनिट वाढले तर त्यांतले पन्नास वरच्या टप्प्यात जातात, त्यामुळे बिलाच्या सरासरी दराने केलेला हिशेब इंडक्शनला अकारण स्वस्त दाखवतो. जेथे वापर मुळात कमी आहे आणि वाढल्यावरही पहिल्याच टप्प्यात राहतो, अशा दोन माणसांच्या घरात हा दोष उरत नाही, आणि आत्यांचे घर त्याच प्रकारचे आहे.

भाची: बिलाचे राहू द्या, भांड्यांचे काय? फडताळातली कल्हईची पितळी पातेली, तांब्याचा हंडा, हिंडालियमचा कुकर आणि गोल बुडाची कढई यांतले एकही इंडक्शनवर चालणार नाही. शेगडीची किंमत कागदावर लिहिताना नव्या भांड्यांची किंमत तिच्याखाली लिहायला हवी. अनेक घरांत ती शेगडीइतकीच भरते.

आत्या: एकही नाही असे कसे? भाकरीचा लोखंडी तवा चालेल, घावनाचा बिडाचा तवा तर उत्तम चालेल, कारण लोखंड आणि बीड दोन्ही चुंबकाला चिकटतात. फ्रिजवरचा चुंबक घेऊन फडताळासमोर बसले की दहा मिनिटांत निवाडा होतो.

चुंबकाची ही कसोटी सोपी आणि भरवशाची आहे, तरी तिचा अर्थ नीट लावावा लागतो. पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्यावर घरगुती इंडक्शन चालत नाही, कारण या धातूंचा विरोध इतका अल्प असतो की त्यांच्यात उठलेले प्रवाह पुरेशी उष्णता देत नाहीत आणि शेगडीचे यंत्र अशा भांड्याला भांडे म्हणून ओळखतच नाही. स्टेनलेस स्टीलचेही दोन वंश आहेत: निकेल असलेले नेहमीचे चकचकीत पोलाद बहुधा चुंबकाला दाद देत नाही, आणि निकेलविरहित पोलाद देते, म्हणून एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेली दोन सारखी दिसणारी पातेली या परीक्षेत वेगळी ठरू शकतात. बूड सपाट असणे ही दुसरी अट आहे, आणि पिढ्यान्पिढ्या ठोके खाल्लेले भांडे चुंबकाला चिकटूनही या अटीवर नापास होते. बुडाचा व्यास ही तिसरी अट, आणि मराठी स्वयंपाकाचे नाक तिने नेमके दाबले जाते: बहुतेक इंडक्शन शेगड्यांना साधारण दहा-बारा सेंटिमीटरहून लहान बूड जाणवत नाही, म्हणजे मोहरी तडतडवणारी फोडणीची पळी, जिच्याशिवाय आमटी, कोशिंबीर, ढोकळा यांतले काहीच पुरे होत नाही, ती लोखंडाची असली तरी काचेवर निरुपयोगी ठरते.

भाची: फोडणीवर काय उत्तर आहे, आत्या?

आत्या: नाही. फोडणीवर उत्तर नाही. मोठ्या कढईत चमचाभर तेल पसरवून केलेली फोडणी एका कडेला करपते आणि दुसऱ्या कडेला कच्ची राहते, हे मान्य करायलाच हवे.

भाची: आणि बासुंदी? स्वस्त इंडक्शन मंद आचेवर ठेवले की ते खरोखर मंद होत नाही. काही सेकंद पूर्ण ताकदीने चालते, काही सेकंद बंद पडते, आणि दोहोंची सरासरी म्हणजे मंद आच असे मानते. दूध सरासरीवर आटत नाही, ते चालू क्षणाला खाली लागते.

आत्या: तो दोष तत्त्वाचा नाही, यंत्रातल्या काटकसरीचा आहे. चांगल्या बनावटीत आच खरोखर कमी होते, आणि ते दुकानात पाण्यावर तपासता येते: सर्वांत खालच्या आचेवर पाण्याच्या तळाशी बुडबुडे सतत उठत असतील तर ठीक, थांबून थांबून उठत असतील तर ती शेगडी बासुंदीची नव्हे. पण आता गॅसच्या बाजूचेही काही बोलू. मे महिन्यात या स्वयंपाकघरात दुपारी कुकर लावताना पंखा का बंद करावा लागतो?

भाची: ज्योत हलते म्हणून.

आत्या: म्हणजे ज्या क्षणी पंख्याची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच क्षणी तो बंद. आणि भांड्याला न लागलेली चाळीस-पंचेचाळीस टक्के उष्णता कोठे जाते? स्वयंपाक करणारीच्या अंगावर. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत या विषयावर टाइल्सच्या रंगांइतकेही लिहिले जात नाही.

आत्यांच्या या मुद्द्याला रसायनशास्त्राचाही आधार आहे. एक किलो गॅस जळताना सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलो पाण्याची वाफ तयार होऊन त्याच खोलीत मिसळते, त्यामुळे गॅसच्या स्वयंपाकघरातला उकाडा तापमानाचा असतो तसाच दमटपणाचाही असतो. ज्योतीच्या उच्च तापमानाला हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात, म्हणजे इंधन कितीही शुद्ध असले तरी हा दोष टळत नाही. त्यांतील नायट्रोजन डायऑक्साइड श्वसनमार्गाला त्रासदायक असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची वार्षिक सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली. चिमणीने, म्हणजे शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या पंख्याने, यातला बराच भाग बाहेर जातो, पण ती चालू असली आणि तिची नळी खरोखर बाहेर काढलेली असली तरच. फोडणीचा खाट आणि तेलाचे तुषार दोन्ही शेगड्यांवर सारखेच उडतात, त्यामुळे इंडक्शन घेतले म्हणून चिमणी नको हा दुकानातला युक्तिवाद टिकणारा नाही.

भाची: मान्य. पण हॉब निवडताना गिऱ्हाइकांना वाटते ते वेगळेच असते. ओटा एका पातळीत दिसावा, पुसायला सोपा असावा, नळी आणि सिलिंडर डोळ्यांआड व्हावे, एवढीच त्यांची मागणी असते.

आत्या: डोळ्यांआड कोठे? बंद कपाटात? सिलिंडरचा वायू हवेहून जड असतो, गळला तर तो वर न जाता कपाटाच्या तळाशी पाण्यासारखा साचतो. उघड्या ओट्याखाली गळती झाली तर उग्र वास तरी पटकन येतो, आणि तो यावा म्हणूनच त्यात मरकॅप्टन मिसळलेले असते. तुझ्या चकचकीत दारांमागे तो वास यायलाही वेळ लागतो.

हॉबचे सौंदर्य लपवण्यावर उभे आहे आणि गॅसची सुरक्षितता दिसण्यावर, हा विरोध एवढ्या स्पष्टपणे क्वचितच मांडला जातो. कपाटाच्या दाराला तळाशी जाळी ठेवणे, सिलिंडर उभाच ठेवणे, रबरी नळी दगडाच्या धारेवर किंवा खणाच्या कडेवर घासणार नाही याची काळजी घेणे आणि ती मुदत संपताच बदलणे, ही कामे हॉब बसवल्यानंतर अधिक महत्त्वाची होतात आणि दिसत नसल्यामुळे अधिक विसरलीही जातात. नळाच्या वायूत हा प्रश्न वेगळा आहे, कारण तो हवेहून हलका असून वर जातो आणि उघड्या खिडकीतून निघून जाऊ शकतो. परंतु त्याचा दाब सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून येणाऱ्या दाबाहून कमी आणि घनमीटरमागची उष्णताही बरीच कमी असल्यामुळे त्याला मोठ्या छिद्राचे जेट लागते. जेट म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून वायू बर्नरच्या नळीत शिरतो ते पितळी बूच. मुंबईत महानगर गॅस किंवा पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस यांची जोडणी पुढेमागे इमारतीत येणार असेल, तर हॉबचे जेट अधिकृतपणे बदलून मिळतात की नाही हे खरेदीच्या वेळीच लिहून घ्यावे. भोक हाताने वाढवून दिलेल्या बर्नरची ज्योत पिवळी होते आणि पातेली काळी पडतात.

दूध उतू जाणे हा गॅसचा आणखी एक घरगुती अपघात, आणि त्यावरचा उपाय येथे सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण दुकानात तो महागड्या प्रकाराचा अलंकार म्हणून दाखवला जातो. उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझली तरी साध्या शेगडीतून वायू वाहत राहतो. ज्योत विझताच वायू तोडणाऱ्या योजनेत बर्नरपाशी दोन भिन्न धातूंची टोके जोडून केलेला एक बारीक काटा असतो. तो ज्योतीत तापलेला असेपर्यंत काही मिलिव्होल्ट इतका अत्यल्प विद्युतदाब निर्माण करतो आणि तेवढ्या दाबावर एक विद्युतचुंबक झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत गेली की काटा निवतो, दाब जातो, झडप मिटते. यासाठी बॅटरी लागत नाही, वीज लागत नाही. बर्नर पेटवताना मूठ काही सेकंद दाबून धरावी लागते, एवढाच त्याचा जाच आहे. तीन बर्नरच्या हॉबमध्ये एखाद्याच बर्नरला ही सोय असेल तर ती नसल्यातच जमा धरावी, कारण दूध नेमके त्याच बर्नरवर तापेल याची हमी कोणी देत नाही.

काचेविषयी फारसे बोलण्याची गरज नाही. गॅसच्या हॉबची काच कडक केलेली, म्हणजे तापवून झटकन निववलेली असते आणि तुटली तर तिचे खडीसाखरेसारखे बोथट तुकडे होतात. लहान बर्नरवर रुंद पातेले ठेवले की त्याच्या बुडाखालून परतलेली उष्णता काचेवर पडते आणि जुना ओरखडा असला तर ती तडकू शकते. इंडक्शनवरची काच वेगळ्या जातीची, काच आणि सिरॅमिक यांच्या मधली असून तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही. जर्मनीतील शॉट या कंपनीने १९७१ मध्ये असा माथा बाजारात आणला. तिला उष्णतेचे भय नाही, पण वरून निसटलेल्या बिडाच्या तव्याचे आहे.

भाची: आता तारेचा प्रश्न. चार जागांचे इंडक्शन सारे एकदम चालले तर सात किलोवॅटच्या वर वीज ओढते, म्हणजे ३२ अँपिअर. या जुन्या स्वयंपाकघरात सोळा अँपिअरचा एकच प्लग आहे आणि त्यावर मिक्सर चालतो. वेगळी सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार थेट मुख्य फलकापासून ओढावी लागेल, वेगळा स्विच बसवावा लागेल आणि बिलावर छापलेला मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल.

आत्या: चार जागा कोणाला हव्यात? दोन माणसांच्या घरात दोन पुरेत, आणि दोन किलोवॅटची एक जागा तीन किलोवॅटच्या मोठ्या बर्नरइतकेच काम करते. खोलीच्या तापमानाचे लिटरभर पाणी उकळायला दोन्हींना सुमारे तीनच मिनिटे लागतील; गणित करून पाहा.

गणित बरोबर आहे, आणि जाहिरातीतील इंडक्शनच्या वेगाचा दिमाख त्याने थोडा उतरतो. आत्यांच्या बाजूने उरते ती उष्णता वाया न जाणे, पंखा चालू ठेवता येणे आणि दूध ठेवून वेळ लावून जाता येणे. भाचीच्या बाजूने उरतात फोडणी, भाकरी, पितळेची भांडी आणि वीज गेल्यावर होणारा चहा, कारण सामान्य इन्व्हर्टर दोन किलोवॅट पेलत नाही. ज्यांच्या शरीरात पेसमेकर आहे त्यांनी चालू इंडक्शनपासून सुमारे ६० सेंटिमीटर दूर राहावे असे सांगितले जाते. अशा व्यक्तीने रोज स्वयंपाक करायचा असेल तर हा एकच मुद्दा बाकी सर्व मुद्द्यांना पुरून उरतो.

दोघींच्याही ध्यानात आधी न आलेली एक बाब मात्र मोजमाप घेताना उघड झाली. जुने ओटे शेगडीची उंची गृहीत धरून खाली बांधलेले असत. ८० सेंटिमीटरच्या ओट्यावर दहा-बारा सेंटिमीटरची शेगडी ठेवली की पातेल्याचे तोंड हाताच्या सोयीच्या उंचीवर येई. त्याच ओट्यात हॉब उतरवला की विस्तव तेवढाच खाली जातो आणि दर वेळी वाकावे लागते. शेगडी बदलताना ओटा बदलायचा नसेल, तर पाठीच्या दृष्टीने दगड न कापता वर ठेवलेला कुकटॉपच बरा, हा निष्कर्ष स्वयंपाकघरांच्या रचनाकारांना रुचणारा नाही, तरी तो खरा आहे. आत्यांचा ओटा मात्र नव्याने बांधायचा असल्यामुळे तो उंचावणे शक्य होते.

भाची: मग असे करता येईल. एका मोठ्या हॉबऐवजी तीस सेंटिमीटर रुंदीचे दोन स्वतंत्र तुकडे: एक दोन जागांचे इंडक्शन, एक दोन बर्नरचा गॅस. प्रत्येक कंपनीच्या छेदाचे माप निराळे असते, म्हणून एक बिघडला तरी दुसऱ्याचा छेद शाबूत राहील.

आत्या: दोन बर्नर कशाला? एक पुरे. इंडक्शन ही चूल आणि तो एक बर्नर तिचा वैल. फोडणी, भाकरी, पापड, आणि वीज गेली तर चहा.

भाची: तीस सेंटिमीटरचा पुरणपोळीचा तवा एका बर्नरवर आणि शेजारी पुरणाचे पितळी पातेले कोठे ठेवणार? होळीला दोन लागतात.

आत्या: होळी वर्षातून एकदा येते.

भाची: भाकरी वर्षातून एकदा येत नाही, आणि भाकरीच्या वेळी फोडणीही असते. दोन बर्नर राहतील. पण गॅस चिमणीखाली येईल आणि इंडक्शन खिडकीपाशी, कारण खिडकीच्या वाऱ्याने ज्योत हलते.

आत्या: खिडकीपाशी तर जास्त वेळ उभे राहायचे आहे.

भाची: म्हणूनच तर इंडक्शन तिथे.

यावर आत्यांना काही सुचले नाही. भाचीने ओट्याच्या आराखड्यावर खिडकीच्या बाजूला एक चौकोन ठळक रेषेने काढला. चिमणीखालचा दुसरा मात्र तिने तुटक रेषेने काढून त्याच्या आत प्रश्नचिन्ह ठेवले, कारण तो एका बर्नरचा की दोन बर्नरचा हे ठरायचे होते. आराखड्याच्या समासात तिने कामांचा क्रम लिहिला: प्रथम मंजूर भाराचा अर्ज, मग भिंतीतून तार, मग कपाटाच्या दाराला तळाची जाळी, मग चुंबक घेऊन फडताळ, आणि ग्रॅनाइट कापणारा कारागीर सर्वांत शेवटी. आत्यांनी पेन्सिल घेऊन फडताळाची ओळ खोडली आणि पहिल्या क्रमांकावर आणली.